पिक्सेल अवतार बनवताय? केस आणि कपड्यांचं शेडिंग असं करा, म्हणजे ऑर्डर परत येणार नाही



मागच्या व्हिडिओत आपण पिक्सेल अवतारचा साचा बनवला : डोकं, मान, खांदे आणि साधा चेहरा. आजच्या धड्यात केस आणि कपड्यांचं शेडिंग. व्हिडिओत हात भरभर चालतो आणि आकडे निसटतात, म्हणून इथे सगळं सावकाश लिहून देतोय. वही घेऊन बसा.

आधी एक गोष्ट समजून घ्या. नव्या माणसाचं काम परत येतं तेव्हा क्लायंटचं वाक्य ठरलेलं असतं : "छान आहे हो, पण हा मी वाटत नाही." मग आपण डोळे बदलतो, नाक बदलतो, ओठ बदलतो आणि तरी गाडी तिथेच अडते. कारण हिशोबात आहे. ३२ × ३२ चा कॅनव्हास म्हणजे एकूण १,०२४ चौकोन. त्यात खांद्यापर्यंतचा माणूस बसवला की चेहऱ्याला साधारण १२ × १२, म्हणजे १४४ चौकोन मिळतात. एका डोळ्याला दोन पिक्सेल, नाकाला एक किंवा शून्य. एवढ्यात नाकाची ठेवण दाखवायची कुठे?

माणूस ओळखू येतो तो भांग, अंबाडा, टक्कल, मिशी, पदर, कॉलर, फेटा यांवरून. रस्त्याच्या पलीकडून येणारा मित्र चेहरा दिसण्याआधी ओळखू येतो ना, तसंच. म्हणून या धंद्यात केस आणि कपडे म्हणजे सजावट नव्हे. क्लायंट पैसे देतो ते त्यासाठीच.

मोठ्यांनीही हेच केलं. १९८१ च्या 'डाँकी काँग' गेममध्ये शिगेरू मियामोतो यांना मारिओ थोडक्या पिक्सेलमध्ये बसवायचा होता. तोंड काढायला जागा नाही, म्हणून मिशी. केस नीट दाखवता येत नाहीत, म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळा दिसावा, म्हणून वेगळ्या रंगाचा ओव्हरऑल. अडचणीतून आलेले हे तीन निर्णय आज जगभर ओळखले जातात.

चौकोनात चित्र काढणं आपल्याला नवीन नाही

"मला कॉम्प्युटरवर चित्रकला येत नाही" असं म्हणणाऱ्या ताईंना माझा एकच प्रश्न असतो : दोसुतीवर क्रॉस स्टिच केलंय का? केलं असेल, तर पिक्सेल आर्ट तुम्हाला निम्मं येतंच. चौकोन मोजायचे, रंग ठरवायचा, टाका घालायचा. १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरसाठी सुझन केअर यांनी चिन्हं काढली, तीही ३२ × ३२ चौकोनांच्या आलेखकागदावर.

आपल्याच नाशिक जिल्ह्यात येवल्याला जा. पैठणीच्या पदरावरचा मोर ताण्या-बाण्याच्या हिशोबानेच उभा राहतो. जवळून बघितला तर कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात, दोन हात लांबून बघितला की गोलाई येते. पिक्सेल म्हणजे हेच.

आणि देवळाली कॅम्पातून नाशिक रोड किती लांब? तिथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. घरातली १०० रुपयांची नोट घ्या आणि गांधीजींचा चेहरा भिंगातून बघा. चेहऱ्यावरची छाया रेषांनी बनलेली दिसेल. रेषा जाड आणि जवळ-जवळ आल्या की अंधार, बारीक आणि लांब गेल्या की उजेड. ब्रश फिरवून धूसर केलेली छाया तिथे नाही. पिक्सेल आर्टमध्येही ब्लर आणि ग्रेडियंट वापरायचं नाही. प्रत्येक चौकोन कोणत्या रंगाचा, हे तुम्ही ठरवायचं.

तयारी : सॉफ्टवेअर आणि चार नियम

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं पिस्केल किंवा कॉम्प्युटरवर लिब्रेस्प्राइट घ्या. दोन्ही मोफत आहेत. ऑर्डर नियमित यायला लागल्या की असेप्राइट विकत घ्यायचा विचार करा. पहिल्या दिवशी खर्च नको.

आता चार नियम. हे भिंतीवर चिकटवा.

१. उजेड एकाच बाजूने. आपण कायम वरून-डावीकडून धरू. केसांवर डावीकडून आणि शर्टवर उजवीकडून उजेड आला की चित्र चिकटवल्यासारखं दिसतं.

२. एका वस्तूला तीन छटा : सावली, मूळ रंग, उजेड. केसांना चमक म्हणून चौथी चालेल. त्यापेक्षा जास्त नको.

३. सावलीसाठी नुसतं काळं मिसळायचं नाही. रंगाचा ह्यूही सरकवायचा. सावली जांभळ्या-निळ्याकडे, उजेड पिवळ्याकडे. उन्हात उभ्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्याची सावली नीट बघा, ती निळसर असते.

४. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा हे दोन रंग शेवटपर्यंत राखून ठेवा. ते आधीच वापरले तर त्याच्या खाली किंवा वर जायला जागा उरत नाही.

खाली मी आकडे ह्यू, सॅच्युरेशन, ब्राइटनेस या क्रमाने देतोय. रंग निवडायच्या खिडकीत या तीन पट्ट्या असतात. ह्यू ० ते ३६०, बाकी दोन ० ते १००.

केस : आधी गठ्ठे, मग उजेड, शेवटी चमक

केस म्हटलं की नवशिका एकेक केस ओढायला लागतो. ३२ चौकोनांत एकेक केस काढला की डोक्यावर झाडू ठेवल्यासारखं दिसतं. केस म्हणजे एक आकार, त्या आकाराचे तीन-चार गठ्ठे आणि त्यावर पडलेला उजेड.

पायरी १ : सावलीचित्र. केसांचा पूर्ण आकार एकाच मूळ रंगाने भरा. आत काहीच काढू नका. आता चेहरा झाकून फक्त आकार बघा. अंबाडा आहे, बॉबकट आहे की फौजी कट, हे कळतंय का? नसेल कळत तर शेडिंगने ते कळणार नाही. इथेच दुरुस्त करा.

पायरी २ : गठ्ठे पाडा. भांग कुठे आहे ते ठरवा. तिथून केस दोन बाजूंना पडतात. डावा गठ्ठा, उजवा गठ्ठा, कपाळावरची बट, मागचा अंबाडा. गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत सावलीचा रंग एक पिक्सेल रुंदीने ओढा. ही रेघ केस ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने वळली पाहिजे.

पायरी ३ : सावलीच्या जागा भरा. उजेड वरून-डावीकडून आहे, म्हणजे सावली उजव्या बाजूला, कानामागे, मानेजवळ आणि अंबाड्याच्या खाली. केसांची सावली कपाळावरही पडते, हे बरेच जण विसरतात. केसांच्या कडेखाली त्वचेच्या सावलीच्या रंगाची एक ओळ द्या. तेवढ्याने केस डोक्यावर बसतात, नाहीतर ते विग वाटतात.

पायरी ४ : उजेडाचा रंग. डाव्या-वरच्या गठ्ठ्यावर मूळ रंगापेक्षा उजळ छटा द्या. पूर्ण गठ्ठा भरू नका. वरचा साधारण एक तृतीयांश पुरे.

पायरी ५ : चमक. डोकं गोल आहे, म्हणून चमक त्याच्याभोवती कमानीसारखी जाते. कमान सलग काढली की हेअरबँड वाटतो, म्हणून तोडून काढा. तीन पिक्सेल, मग एक मोकळा, मग दोन पिक्सेल. संपली चमक.

आता आपल्याकडचे नेहमीचे प्रकार बघू.

काळेभोर केस. सगळ्यात जास्त ऑर्डर याच केसांच्या आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच. काळ्यात शुद्ध काळा भरला की केसांच्या जागी भोक दिसतं. हा पॅलेट वापरा : सावली २६०, ४५, १२. मूळ २४५, ४०, २०. उजेड २२५, ३५, ३२. चमक २०५, २५, ५५. इथे उजेड पिवळ्याकडे न जाता निळ्याकडे जातोय, कारण काळ्या गुळगुळीत केसांवर आकाशाचा रंग उमटतो. नियम ३ ला हा अपवाद लक्षात ठेवा.

तेल लावून चापून बसवलेले केस. चमक जास्त ठळक, पण अरुंद. मूळ रंगाच्या लगेच शेजारी चमकेचा रंग ठेवा, मधली छटा गाळा. अचानक उडी घेतली की ओलसरपणा दिसतो. कोरड्या, मोकळ्या केसांना उलट करा : चमक गाळा, फक्त उजेडापर्यंत थांबा.

वेणी. वेणी म्हणजे एकाखाली एक बदामाचे आकार. प्रत्येक पेडाला वर-डावीकडे एक उजेडाचा पिक्सेल, खाली एक सावलीचा. पेड एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, असे आलटून-पालटून. चार पेड पुरे.

पांढरे केस. इथे नुसता राखाडी वापरला तर आजी आजारी दिसतात. सावली २४०, २०, ५०. मधला २३०, १०, ७२. उजेड ४५, ६, ९२. उजेडात किंचित पिवळसरपणा आहे, त्यामुळे चांदीसारखे केस येतात.

मेंदी लावलेले केस. मूळ रंग गडद तपकिरी ठेवा आणि उजेडाची छटा केशरी-लाल करा, ह्यू १५ ते २०. मेंदी सावलीत कळत नाही, उजेडात कळते.

कुरळे केस. आतमध्ये काही करण्याआधी कड बदला. बाहेरच्या कडेला एक-एक, दोन-दोन पिक्सेलचे उंचवटे द्या. आत उजेडाचे दोन-तीन पिक्सेलचे छोटे चंद्रकोर विखरा. सलग चमक इथे चालत नाही.

फौजी कट. आपल्या देवळालीत हे काम येणारच. स्कूल ऑफ आर्टिलरी इथे, कॅन्टोन्मेंट इथे, फौजी कुटुंबं आपले शेजारी. कानाच्या वरच्या दोन ओळींत केसांचा रंग आणि त्वचेचा रंग यांच्या मधली एक छटा बनवून भरा. तेवढ्यात बारीक कापलेले केस दिसतात. वरच्या भागाला चमक देऊ नका.

कपडे : कापड कोणतं, हे आधी विचारा

क्लायंट "निळा शर्ट" म्हणतो. तुम्ही लगेच विचारा, "सुती की रेशमी? की स्वेटर?" कारण रंग तोच असला तरी शेडिंग बदलतं. कापडाची ओळख रंगातून होत नाही. सावली आणि उजेडात किती अंतर आहे आणि त्यांची सीमा कशी आहे, यातून होते.

सुती : सावली आणि उजेड जवळजवळचे, उजेडाचा भाग मोठा, चमक नाही.
रेशमी : सावली आणि उजेडात मोठं अंतर, चमक अरुंद आणि तीक्ष्ण, घडीच्या उंचवट्यावरच.
लोकरी : सीमा खडबडीत. उजेड आणि मूळ रंग यांच्या सीमेवर एक सोडून एक पिक्सेल ठेवा. चमक नाही. देवळालीच्या थंडीतला स्वेटर किंवा कानटोपी हवी असेल तर हे हमखास लागतं.
डेनिम : मूळ रंग फिका, शिवणीजवळ गडद, शिवणीवर एक सोडून एक मोहरीच्या रंगाचा पिक्सेल.

आता घड्या. घडी कुठूनही येत नाही. कापड कुठेतरी धरलेलं किंवा अडकलेलं असतं, तिथून ती निघते. अवतारमध्ये फक्त तीन जागा लक्षात ठेवा : खांदा, काख आणि गळा. शर्ट असेल तर काखेतून छातीकडे तिरकी एक घडी, दोन किंवा तीन पिक्सेल लांब. कॉलरच्या खाली सावलीची एक ओळ. बस. सहा-सात घड्या घातल्या की शर्ट चुरगळलेला दिसतो आणि क्लायंट इस्त्रीचा विचार करायला लागतो.

प्रत्येक घडीला दोन बाजू असतात : उजेडाकडची उजळ, पलीकडची गडद. नुसती गडद रेघ ओढली तर ती फाटल्यासारखी दिसते. शेजारी उजेडाचा एक पिक्सेल दिला की कापड उचलल्यासारखं वाटतं.

साडीचा पदर. डाव्या खांद्यावरून तिरका खाली येणारा पट्टा. यातल्या घड्या एकमेकींना समांतर. सावली-मूळ-उजेड, पुन्हा सावली-मूळ-उजेड अशी तिरकी पुनरावृत्ती. दोन वेळा पुरे. पदराची सावली ब्लाउजवर पडते, ती एक ओळ विसरू नका.

पैठणी. हे शिकलात तर लग्न, डोहाळजेवण, पंचाहत्तरी अशा कामांना तोटा नाही. अंगाचा जांभळा रंग : सावली २७५, ६५, २८. मूळ ३००, ६०, ४५. उजेड ३२०, ५०, ६५. जरीचा काठ : सावली २२, ७५, ४५. मधला ३८, ७५, ७२. उजेड ५०, ४५, ९६. जरी म्हणजे पिवळा रंग नाही, जरी म्हणजे चमचम. म्हणून काठावर मधल्या रंगाचे दोन आणि उजेडाचा एक असे पिक्सेल आलटून-पालटून ठेवा, आणि घडीत शिरणाऱ्या भागात सावलीचा रंग द्या. ३२ चौकोनांत मोर बसवायचा हट्ट नको. काठावर हिरव्याचा एक ठिपका, शेजारी लालचा एक. बघणाऱ्याचा डोळा बाकीचं काम करतो.

पैठणीतला धूपछाँव प्रकार तर पिक्सेलसाठीच आहे म्हणा ना. त्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कापड हललं की रंग बदलल्यासारखा वाटतो. तुमच्या पॅलेटमध्ये हे एका युक्तीने येतं : मूळ रंग जांभळा ठेवा आणि उजेडाची छटा चक्क निळी-हिरवी घ्या, साधारण ह्यू १७० ते १९०. घडीच्या उंचवट्यावर तेवढेच पिक्सेल. ब्राइटनेस मात्र मूळ रंगापेक्षा जास्तच असू द्या, नाहीतर डाग वाटतो.

फेटा. फेट्याचे पेच कपाळाच्या मध्यापासून दोन्हीकडे पंख्यासारखे जातात. प्रत्येक पेचाच्या वरच्या कडेला उजेड, खालच्या कडेला सावली. चार-पाच पेच बास. तुरा वर जातो, तेव्हा कॅनव्हासवर जागा आधीच सोडा.

फौजी वर्दी. इथे शेडिंगआधी धंद्याचा विचार करा. सैन्याचा नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला पहिल्यांदा दिसला. त्यावरची नक्षी डिजिटल, म्हणजे चौकोनी ठिपक्यांची आहे, आणि पिक्सेलवाल्यांना ती काढायचा मोह होतोच. पण त्याच वर्षी सैन्याने या गणवेशाच्या डिझाइनची आणि नक्षीची बौद्धिक संपदा म्हणून नोंदणी करून घेतली आहे. चित्रात वापरलेलं कायद्यात कुठे बसतं, यावर वाद घालत बसण्यापेक्षा ती नक्षी विकायच्या कामात घेऊच नका. पद, पदकं, युनिटची चिन्हंही नकोत. प्रोफाइल फोटोवर या गोष्टी जाहीर होणं फौजी कुटुंबालाही सोयीचं नसतं. क्लायंटला आदराने सांगा, "साहेब, साधं ऑलिव्ह जॅकेट, फौजी कट आणि ताठ खांदे देतो. ओळखणारे ओळखतील." आणि खरंच ओळखतात.

एक ऑर्डर डोक्यात पूर्ण करू

समजा, एका घरातून आजीच्या पंचाहत्तरीसाठी अवतार हवाय. पांढरा अंबाडा, जांभळी पैठणी, मोठं कुंकू.

रंग मोजा : केसांचे ३, त्वचेचे ३, साडीचे ३, जरीचे ३, कुंकवाचा १, डोळे आणि कडेसाठी गडद १. एकूण १४. सोळाच्या आत बसलो. रंग कमी असले की चित्र एकजीव दिसतं, आणि उद्या "साडी हिरवी करा" म्हटलं तर फक्त तीन रंग बदलायचे.

क्रम असा ठेवा : सावलीचित्र, त्वचा, केसांची सावली-उजेड, साडी, पदराच्या घड्या, जरी, कुंकू आणि शेवटी कड. बाहेरची कड सरसकट काळी नको. केसांभोवती केसांच्या सावलीचा रंग, साडीभोवती साडीच्या सावलीचा रंग. उजेडाच्या बाजूला कड एक पायरी फिकी. याने चित्र स्टिकरसारखं न दिसता हवेत श्वास घेतं.

पाठवण्याआधी पाच तपासण्या

१. डोळे मिचमिचे करून बघा. केस, चेहरा, कपडा हे तीन भाग वेगळे दिसले पाहिजेत.

२. चित्र ब्लॅक अँड व्हाइट करा. केस आणि साडी एकाच राखाडीत मिसळले तर रंग कितीही वेगळे असोत, ब्राइटनेस सुधारा.

३. उशी-शेडिंग शोधा. कडेने सगळीकडे गडद आणि मध्ये उजळ, अशी भरलेली उशी दिसत असेल तर उजेडाची दिशा हरवली आहे. एका बाजूची सावली पुसा.

४. सुटे पिक्सेल पुसा. कुणाच्याही शेजारी न बसणारा एकटा ठिपका घाणीसारखा दिसतो. जरी आणि कुंकू सोडून प्रत्येक एकट्या ठिपक्याला विचारा, "तू इथे कशाला?"

५. गडद बॅकग्राउंडवर ठेवून बघा. बऱ्याच जणांचं व्हॉट्सॲप डार्क मोडवर असतं. काळे केस तिथे गायब होतात आणि चेहरा तरंगताना दिसतो. केसांच्या उजेडाच्या बाजूला बाहेरून चमकेच्या रंगाची एक तुटक कड द्या. सोबत गोल कापून बघा. प्रोफाइल फोटो गोलात दिसतो, कोपऱ्यातला तुरा किंवा अंबाडा कापला जातो.

फाइल कशी द्यायची

मूळ ३२ × ३२ फाइल तशीच पाठवली तर क्लायंट म्हणेल, "हे काय, टाचणीएवढं?" मोठी करून द्या, पण पूर्ण पटीतच आणि 'निअरेस्ट नेबर' पर्याय निवडून. ३२ ची १६ पट म्हणजे ५१२, व्हॉट्सॲप स्टिकरला नेमकं हेच माप लागतं. ३२ ची २५ पट म्हणजे ८००, यूट्यूब प्रोफाइलसाठी. मगवर ३ इंच छापायचं असेल तर ३०० डीपीआयने ९०० पिक्सेल लागतात, म्हणून ३० पट करून ९६० ची फाइल द्या. जेपीजी नको, त्यात कडा धूसर होतात. पीएनजी द्या.

दर कसा लावायचा

इथे नवे लोक पडतात, म्हणून आकड्यात सांगतो. समजा वेळ असा गेला : सावलीचित्र ३० मिनिटं, पॅलेट १५, केस ४०, कपडे ४५, तपासणी आणि फाइल २०. झाली १५० मिनिटं. बदलांसाठी ३० धरा. एकूण ३ तास. तुम्ही ताशी १५० रुपये ठरवले असतील तर ४५० रुपये हातात आले पाहिजेत.

फाइव्हरसारख्या साइटवर काम घेतलं तर २० टक्के कमिशन जातं. बरेच जण ४५० चे २० टक्के, म्हणजे ९० मिळवून ५४० लावतात. पण कमिशन ५४० वर कापलं जातं : १०८ गेले, हातात ४३२. बरोबर पद्धत भागाकाराची आहे. ४५० भागिले ०.८ म्हणजे ५६२.५०. तुम्ही ५६५ लावा. एका कामाला फरक छोटा वाटतो, पण शंभर कामांत तोच फरक तुमचा नवा माउस, कीबोर्ड किंवा महिन्याचं लाइट बिल असतो.

आणि दर न वाढवता कमाई वाढवायची असेल तर लायब्ररी बनवा. केस वेगळ्या लेयरवर, कपडे वेगळ्या लेयरवर. ५ केशरचना, ६ पोशाख आणि प्रत्येक पोशाखाचे ४ रंग केले की ५ × ६ × ४ = १२० जोड्या तयार. फक्त रंग बदलून नवं पात्र करणं यात कमीपणा काही नाही. लुईजी सुरुवातीला रंग बदललेला मारिओच होता. मात्र क्लायंटला स्पष्ट सांगा : लायब्ररीतून केलेला अवतार स्वस्त, खास त्यांच्यासाठी शून्यापासून केलेला महाग. लपवून दोन्हीला एकच दर लावलात आणि दोन मैत्रिणींना सारखाच अंबाडा गेला, तर दोघीही परत येणार नाहीत. गाव लहान असतं.

बदलांची संख्याही आधी लिहून द्या : "दोन वेळा बदल मोफत, पुढे प्रत्येकी ५० रुपये." सावलीचित्र झालं की लगेच क्लायंटला दाखवा आणि होकार घ्या. आकाराला होकार मिळाला की शेडिंगनंतर "हा मी वाटत नाही" हे वाक्य फार क्वचित ऐकू येतं.

आठवड्याचा गृहपाठ

सोमवार-मंगळवार : एकाच डोक्यावर काळे, पांढरे आणि मेंदीचे केस. आकार तोच, फक्त पॅलेट बदला.
बुधवार-गुरुवार : एकच निळा रंग, तीन कापडं. सुती, रेशमी, लोकरी. रंगाचं नाव न सांगता घरच्यांना विचारा, कोणतं कापड कोणतं.
शुक्रवार-शनिवार : घरातल्या एका माणसाचा अवतार. चेहऱ्याला डोळे सोडून काहीच काढायचं नाही.
रविवार : तो अवतार शेजाऱ्यांना दाखवा. नाव सांगू नका. तिघांपैकी दोघांनी माणूस ओळखला तर तुम्ही पैसे घ्यायला तयार आहात. नाही ओळखला, तर पायरी १ ला परत जा आणि सावलीचित्र सुधारा. पॅलेटला हात लावू नका.

पुढच्या धड्यात हेच केस वाऱ्यावर हलवायचे आहेत, चार फ्रेमचं छोटं ॲनिमेशन. त्यासाठी या आठवड्याच्या फाइल लेयरसकट जपून ठेवा, पुढच्या वेळी त्याच उघडायच्या आहेत. भेटू!